फोन एका मेसेजसाठी उचलला आणि पाऊण तास गेला: यात दोष कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एखादा मेसेज बघायला फोन हातात घेता, पाऊण तासानं भानावर येता आणि मधल्या वेळात काय पाहिलं ते धड आठवतही नाही. ॲप दोनदा काढून टाकलंत, दोन्ही वेळा ते परत आलं. आता तुम्हाला कळत नाहीये की ही ॲप्स मुद्दाम अशी बनवतात, की तुमच्याच मनोनिग्रहात खोट आहे. आणि खातंच कायमचं बंद करून टाकावं का, हेही तुम्ही विचारताय.

मी बरीच वर्षं मोबाइल ॲप्सच्या रचनेचं काम करते. कुठलं बटण कुठे असावं, नोटिफिकेशन कधी जावं, आज आलेला माणूस उद्या परत कसा येईल, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे हे उत्तर पडद्यामागच्या बाजूनं आहे असं समजा.

आधी प्रश्न नीट मांडू. तुम्ही वेळ गेल्याची तक्रार करताय, पण मित्राशी तासभर गप्पा मारल्या असत्या तर तुम्ही हा प्रश्न विचारला नसता. खुपतंय ते वेगळंच. आत शिरायचं तुम्ही ठरवलं होतं, बाहेर कधी पडायचं ते मात्र तुम्ही ठरवलं नाही. म्हणून मी याचे दोन भाग करते: फोन हातात का घेतला जातो, आणि घेतल्यावर थांबता का येत नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, उपायही वेगळे. बहुतेक लोक सगळी ताकद दुसऱ्या भागावर खर्च करतात आणि पहिल्याकडे बघतच नाहीत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. तुमचं काम या ॲप्सवर चालत असेल तर खालच्यातलं निम्मं तुम्हाला लागू पडणार नाही. झोप येत नाही म्हणून फोन घेत असाल, किंवा मन मुळातच खचलेलं असेल, तर फोन हा परिणाम आहे. नोटिफिकेशन बंद करून ते दुखणं जाणार नाही, त्यासाठी डॉक्टरांशी बोलावं. आणि प्रश्न लहान मुलांचा असेल तर उत्तर बरंच वेगळं असतं. तुम्ही नोकरी करणारे, एरवी बरे असलेले प्रौढ आहात असं धरून पुढे लिहिते.

आता मुद्दाम बनवतात का, याबद्दल. हो, पण बहुतेकांना वाटतं तसं नाही. 'चला, लोकांना अडकवू या' असं बैठकीत कुणी म्हणत नाही; मी बसले त्या बैठकांत तरी नाही. होतं ते असं. सेवा फुकट असते, पैसा जाहिरातींतून येतो आणि जाहिरात दाखवायला माणूस आत असावा लागतो. म्हणून टीमपुढे एखादा आकडा ठेवलेला असतो: रोज किती जण आले, किती वेळ थांबले, आठवड्यानं किती परतले. मग एक छोटा बदल सुचतो. समजा, व्हिडिओ संपल्यावर पुढचा आपोआप सुरू करायचा. वापरणाऱ्यांतल्या एका गटाला जुनी रचना दाखवतात, दुसऱ्याला नवी. याला ए-बी टेस्ट म्हणतात. नव्या गटात थांबण्याचा वेळ जरासा वाढला की बदल सगळ्यांना लागू. मग पुढचा बदल, पुढची टेस्ट.

अशा शेकडो टेस्ट एकावर एक रचल्या की जे तयार होतं ते कुणा एकाच्या डोक्यातून आलेलं नसतं. माणूस कुठे कच्चा आहे हे चाचणीनं आपोआप हुडकलेलं असतं. आणि चाचणीत जे मोजलं जात नाही ते निवडलं जात नाही. माणूस किती वेळ थांबला हे सर्व्हरला कळतं. उठताना त्याला समाधान वाटलं की स्वतःचा राग आला, हे कळत नाही. कधीमधी सर्वेक्षण करून विचारतात, पण सर्वेक्षणाचा निकाल महिन्यानं येतो आणि टेस्टचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर असतो. निर्णय कुणाच्या बाजूनं होणार हे सांगायला नको.

कुठला आकडा धरायचा यानं सगळी चाल बदलते. यूट्यूबनं २०१२ मध्ये शिफारशींसाठी किती वेळा पाहिलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला महत्त्व दिलं. आधी फसवं चित्र लावून क्लिक मिळवणाऱ्यांची चलती होती, ती त्यानं कमी झाली, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर सगळ्या यंत्रणेची बुद्धी 'आणखी थोडा वेळ' या एकाच गोष्टीला जुंपली गेली. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की सुरुवातीपासूनचा विचार लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि जाणीवपूर्वक लक्ष कसं घेता येईल हाच होता. त्याहून कितीतरी आधी, १९७१ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी लिहून ठेवलं होतं की माहितीची सुबत्ता आली की लक्षाची टंचाई होते. ज्याची टंचाई त्याचा बाजार भरतो, एवढंच.

तेव्हा तुमच्या मनोनिग्रहात विशेष खोट आहे असं मला वाटत नाही. तुम्ही एकटे आहात आणि समोर अशी रचना आहे जी कोट्यवधी लोकांवर तपासून घासूनपुसून घेतलेली आहे.

या रचनेत नेमकं काय अडकवतं? लोक रंगांबद्दल, लाल ठिपक्याबद्दल फार बोलतात. त्याचा परिणाम आहे, पण माझ्या मते तो किरकोळ. सर्वात मोठी गोष्ट जी सहसा दिसत नाही ती म्हणजे थांबे काढून टाकणं.

पुस्तकाचं प्रकरण संपतं, वर्तमानपत्राचं शेवटचं पान येतं, कार्यक्रम संपून नावं झळकतात. अशा ठिकाणी माणूस क्षणभर मान वर करतो आणि 'आता पुरे की अजून थोडं?' हा प्रश्न त्याला न विचारताच पडतो. जुन्या वेबसाइटवरही पानाच्या तळाशी '२, ३, ४, पुढे' असे आकडे असायचे. २००६ मध्ये एझा रॅस्किन या रचनाकारानं तळाशी पोहोचण्याआधीच पुढचा मजकूर आपोआप भरणारी रचना केली, जिला आज आपण इन्फिनिट स्क्रोल म्हणतो. हेतू साधा होता: वाचणाऱ्याला उगाच क्लिक करावं लागू नये. पुढे त्यांनी स्वतःच या रचनेच्या परिणामांबद्दल खंत व्यक्त केली. फेसबुकनं २०१३ मध्ये फीडमधले, म्हणजे ॲप उघडल्यावर एकाखाली एक येत राहणाऱ्या पोस्टमधले, व्हिडिओ आपोआप सुरू करायला घेतले. आताच्या छोट्या उभ्या व्हिडिओंत हे सगळं टोकाला गेलंय: पडदा भरून एकच गोष्ट दिसते, घड्याळ बऱ्याचदा झाकलं जातं, किती झालं किती उरलं याची काही खूण नाही, आणि पुढे जायला अंगठा हलवण्यापलीकडे काही लागत नाही. इथे 'चालू ठेवायचं' असं तुम्ही ठरवत नाही. थांबायचं असेल तर मात्र ठरवावं लागतं. पाऊण तासातलं काही आठवत नाही त्याचं एक कारण हेच असावं. निर्णयाची जागाच आली नाही, मग मागे खूण कुठली राहणार?

इन्स्टाग्रामनं २०१८ मध्ये 'तुमचं सगळं पाहून झालं' अशी सूचना फीडमध्ये आणली. विचार उत्तम होता. पुढे त्या सूचनेच्या खाली, अनोळखी खात्यांच्या सुचवलेल्या पोस्ट सुरू झाल्या. थांबा बांधला आणि त्याच्या पलीकडे रस्ताही वाढवला. आमच्या धंद्यात असं बऱ्याचदा होतं.

दुसरी गोष्ट अनिश्चित बक्षिसाची. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतरं दाणा मिळवण्यासाठी एका बटणावर चोच मारत. ठरावीक टोच्यांनंतर दाणा मिळाला तर कबुतर दाणा खाऊन जरा थांबायचं. पण दाणा कितव्या टोच्याला मिळेल हे अनिश्चित ठेवलं की ते न थांबता टोचत राहायचं, आणि दाणे बंद केल्यावरही बराच वेळ सोडायचं नाही. फीड नेमकं असं चालतं. दहांतल्या सात पोस्ट निरस असतात, दोन बऱ्या, एखादी खरंच मजेशीर, आणि ती कधी येईल ते ठाऊक नसतं. सगळ्याच पोस्ट उत्तम असत्या तर तुम्ही लवकर तृप्त होऊन उठला असता, असं मला वाटतं. खाली ओढून रिफ्रेश करायची खूण हाताला तोच चाळा लावते.

इथे डोपामिनचं नाव निघतंच. समाजमाध्यमांवर त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात, ते अर्धवट आहे. मेंदूवैज्ञानिक केंट बेरिज यांनी हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन वेगळ्या यंत्रणा असल्याचं दाखवलं. डोपामिनचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे. म्हणून मजा येत नसतानाही बोट चालू राहतं. 'मला हे आवडतही नाहीये, मग मी का बघतोय?' असा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तर त्याचं उत्तर इथे आहे.

तिसरी गोष्ट माणसांची. फेसबुकवर लाइकचं बटण २००९ मध्ये आलं. त्यानं दुसऱ्याची पसंती मोजता येऊ लागली, आणि एकदा मोजता आली की माणूस आकडा बघायला परत येतो. व्हॉट्सॲपनं २०१४ मध्ये निळ्या टिका आणल्या. वाचून उत्तर दिलं नाही हे समोरच्याला दिसतंय म्हटल्यावर उत्तर लांबवणं अवघड झालं. स्नॅपचॅटवर दोन मित्रांनी रोज एकमेकांना काही पाठवलं तर दिवसांची साखळी वाढते, एक दिवस चुकला की तुटते. इथे तुम्हाला ॲप धरून ठेवत नाही. मैत्री, भीड, उपकाराची परतफेड धरून ठेवते. ॲप फक्त तिला आकडा चिकटवतं.

आणि अल्गोरिदम, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारी यंत्रणा. त्याला तुमची आवड कळते असं लोक म्हणतात. खरं तर त्याला तुमची वागणूक कळते. लाइक ही त्यातली एक लहानशी खूण. बोट कुठे थबकलं, व्हिडिओ किती पाहिला, टिप्पण्या उघडल्या का, हे सगळं धरलं जातं. संताप आणणारी पोस्ट तुम्ही दोनदा वाचलीत, तर तुम्हाला ती हवी होती असा अर्थ निघतो. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी उघड केलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं की २०१७ पासून रागाच्या इमोजीसकट सगळ्या भावना-इमोजींना लाइकच्या पाचपट वजन दिलं गेलं होतं. पुढे रागाचं वजन कमी करत करत शून्यावर आणलं. तेव्हा एक साधी गोष्ट: जे नकोय त्याच्याशी भांडत बसू नका. 'यात रस नाही' हा पर्याय दाबा आणि पुढे जा. भांडण हीसुद्धा पसंतीच मोजली जाते.

इथवर थांबता का येत नाही ते झालं. आता फोन हातात का जातो, जो मला जास्त महत्त्वाचा भाग वाटतो.

पहिला धागा नोटिफिकेशनचा, आणि इथे आतली गोष्ट सांगते. नोटिफिकेशन तीन जातीची असतात. एक, कुणीतरी तुम्हालाच उद्देशून काही लिहिलंय. दोन, कुणीतरी काहीतरी केलंय, ज्याचा तुमच्याशी ओढूनताणून संबंध आहे: अमक्यानं फोटो टाकला, तमक्यानं बऱ्याच दिवसांनी पोस्ट लिहिली. तीन, कुणीही काहीही केलेलं नाही, यंत्रानं तुमच्यासाठी बातमी तयार केलीय: 'तुम्हाला हे आवडेल', 'तुम्ही यांना ओळखत असाल'. तुमचा वापर मंदावला की दुसऱ्या-तिसऱ्या जातीची संख्या वाढते. ते मुद्दाम असतं. सुस्तावलेल्या वापरकर्त्याला परत आणणं हे त्या त्या टीमचं ठरलेलं काम असतं. तुम्ही ॲप कमी वापरायला लागलात आणि नेमकी तेव्हाच नोटिफिकेशन वाढली असं वाटलं असेल, तर तो भास नव्हता.

दुसरा धागा सवयीचा, आणि तो नोटिफिकेशन सगळी बंद केल्यावरही उरतो. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांकडून दिवसभराच्या नोंदी ठेवून घेतल्या, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती जवळपास रोज, त्याच संदर्भात आणि बहुधा दुसराच काही विचार करत असताना होत असल्याचं दिसलं. सवय इच्छेवर टांगलेली नसते, प्रसंगावर टांगलेली असते. काम अवघड वळणावर आलं, फाइल उघडायला वेळ लागतोय, रांगेत उभे आहात, अंथरुणावर पाठ टेकली: या फटींत हात आपोआप खिशाकडे जातो. बऱ्याचदा मेसेज हे निमित्त असतं, खरं कारण ती फट.

म्हणूनच तुमचं ॲप काढून टाकणं टिकलं नाही. फटी तिथेच राहिल्या, त्यांत दुसरं काही आलं नाही. परत बसवायला मिनिटभर पुरलं, पासवर्ड फोनच्या लक्षात होताच. आणि बहुधा एखादं खरंखुरं निमित्तही होतं, कुणाचा तरी निरोप फक्त तिथेच येतो असं. एका निरोपासाठी दार उघडलं आणि त्यामागून अख्खं फीड आत आलं.

मग करायचं काय? मी सल्ला विचारणाऱ्यांना पहिले काही दिवस काहीच बंद करायला सांगत नाही. फोन हातात गेलेला लक्षात आला की त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, एवढंच कागदावर एका शब्दात लिहा. कंटाळा, ताण, वाट बघणं, अंथरूण. दोन-तीन प्रसंगच पुन्हा पुन्हा येताना दिसतील. उपाय तिथे करायचा, दिवसभरावर नाही. अंथरूण असेल तर फोन दुसऱ्या खोलीत आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ. कामातली अवघड जागा असेल तर फोन हाताच्या अंतरापलीकडे, आणि त्या मिनिटासाठी आधीच ठरवलेलं दुसरं काहीतरी: उठून दोन पावलं चालणं, खिडकीबाहेर बघणं. हे फारच बाळबोध वाटेल, पण सवयीची जागा रिकामी राहत नाही, म्हणून आपणच तिथे काहीतरी ठेवलेलं बरं.

मग नोटिफिकेशन. पहिली जात ठेवा, बाकी दोन बंद करा. सगळीच एका झटक्यात बंद करू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नोटिफिकेशन दिवसातून तीनदा एकगठ्ठा मिळालेल्या लोकांना बरं वाटलं, पण पूर्ण बंद केलेल्यांची चिंता मात्र वाढली: आपल्याकडून काही बघायचं राहून तर जात नाही ना, ही. माझ्या ओळखीच्या लोकांतही हेच दिसतं; सगळं बंद करणारे दर दहा मिनिटांनी ॲप उघडून बघतात.

त्यानंतर काढून टाकलेले थांबे परत बांधायचे. ऑटोप्ले, म्हणजे व्हिडिओ आपोआप सुरू होणं, बंद करा. ॲपऐवजी ब्राउझरमधून वापरा आणि प्रत्येक वेळी लॉगआउट करा. पासवर्ड टाइप करायची कटकट हाच तुमचा थांबा. मेसेजसाठी वेगळं ॲप असेल तर तेवढंच ठेवा, म्हणजे निरोपाबरोबर फीड येणार नाही. ज्यांना तुम्ही फॉलो करता त्यांच्याच पोस्ट वेळेच्या क्रमानं दाखवणारा पर्याय शोधा. इन्स्टाग्रामवर तो २०२२ पासून आहे, जरा आत दडलेला. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानं तर साडेचार कोटींहून जास्त युरोपीय वापरकर्ते असलेल्या मंचांना वैयक्तिक माहितीवर न आधारलेलं फीड देणं बंधनकारक केलंय. अशा फीडला शेवट असतो. कालचं दिसायला लागलं की कळतं, झालं.

वेळेची मर्यादा लावणाऱ्या सोयी आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत २०१८ पासून आहेत. त्यांच्याबद्दल माझं मत मिश्र आहे. मर्यादा संपल्यावर 'आणखी १५ मिनिटं' हे बटण समोरच असेल तर दोन-तीन दिवसांत बोट त्यालाही सरावतं. पण मर्यादा शांत डोक्यानं आधी ठरवलेली असेल तर उपयोग होतो. अर्थशास्त्रज्ञ हंट ऑलकॉट, मॅथ्यू जेंट्झको आणि लीना साँग यांच्या २०२२ च्या अभ्यासात लोकांना स्वतःच्या पुढच्या वापरावर मर्यादा घालू दिल्यावर वापर लक्षणीय घटला. त्याच अभ्यासाचा अंदाज असा की समाजमाध्यमांच्या वापरातला सुमारे ३१ टक्के भाग आत्मसंयम सुटल्यामुळे होतो. उलट बघा: जवळपास ७० टक्के तसा नव्हता. मर्यादेचा पासवर्ड घरातल्या दुसऱ्या कुणाला ठरवायला सांगा. पडदा काळापांढरा करणं करून बघायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

हे किती दिवसांत जमेल, असं तुम्ही विचाराल. सवय २१ दिवसांत लागते ही गोष्ट विसरा. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात ९६ जणांनी एखादी नवी सवय लावायचा प्रयत्न केला; ती अंगवळणी पडायला निम्म्यांना ६६ दिवसांपर्यंत लागले, बाकीच्यांना त्याहून जास्त, आणि माणसागणिक अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होतं. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्याच अभ्यासातलं. सुरुवातीला अंगठा जुन्या आयकॉनच्या जागी जाईल. जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण या विषयावर भीती फार विकली जाते. याला सरसकट व्यसन म्हणायला मी तयार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार आहे, समाजमाध्यमांचा नाही. संशोधक एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये किशोरवयीनांची प्रचंड माहिती तपासली, तेव्हा डिजिटल साधनांचा वापर आणि मनाचं स्वास्थ्य यांचा संबंध नकारात्मक पण अगदी क्षीण निघाला. स्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्का त्यातून उलगडत होता. सरासरी असं सांगते. सरासरीत न बसणारी, खरंच बुडालेली माणसं असतात, पण तुमच्या वर्णनावरून तुम्ही त्यांतले वाटत नाही.

राहिलं खातं कायमचं बंद करायचं. आत्ता लगेच नको. त्याऐवजी चार आठवडे तात्पुरतं निष्क्रिय करा. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी एका प्रयोगात लोकांनी नेमकं हेच केलं: फेसबुक चार आठवडे बंद ठेवलं. दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला, मनाला किंचित बरं वाटलं, बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. आणि प्रयोग संपल्यावरही अनेकांनी आधीपेक्षा कमी वापर केला. तुम्ही या काळात एवढंच टिपून ठेवा की खरोखर कशाची उणीव भासली. ती यादी चार-पाच माणसांची निघाली तर त्यांचे नंबर घ्या आणि खातं खुशाल बंद करा. त्यात तुमचा एखादा गट, शिकण्याची जागा किंवा कामाच्या ओळखी असतील तर परत जा, पण ब्राउझरमधून.